वापरलेली सुई कोठे जाते?

(संस्थेच्या पालक मेळाव्यात दिलेले भाषण)



आज मी परीक्षा आणि गुण यांविषयी बोलणार नाही. मी बोलणार आहे एका बारीक सुईविषयी. मधुमेह हा आता केवळ श्रीमंतांचा रोग राहिलेला नाही. इन्सुलिन घेणारी दादी किंवा चाचा आपल्या वस्तीत पुष्कळ घरी आढळतात. काही शाळकरी मुलांनाही हा रोग होतो व त्यांना जगण्यासाठी रोज इन्सुलिन घ्यावेच लागते. 1921 साली कॅनडातील टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिनचा शोध लावला. त्यापूर्वी अशी मुले फार काळ जगत नसत. तेव्हा सुई ही आपली वैरीण नव्हे. प्रश्न आहे तो तिचे काम झाल्यानंतरचा.

हिशेब करून पाहा. रोज चार वेळा इन्सुलिन घेणाऱ्याने दर वेळी नवी सुई वापरली, तर एका घरातून वर्षाला 1,460 सुया बाहेर पडतात. आपण त्या कागदात गुंडाळून केराच्या डब्यात टाकतो. आपल्या दृष्टीने काम संपते. पण दुसऱ्या कोणाचे तरी तेथूनच सुरू होते. आपली पिशवी घंटागाडीवरचा कामगार उचलतो, पुढे कचरावेचक भगिनी ती हाताने निवडतात. याच कष्टकऱ्यांनी 1993 साली पुण्यात 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही संघटना उभी केली. त्यांच्या हातात बहुधा जाड मोजेही नसतात. पेनाची सुई जेमतेम 4 ते 8 मिलिमीटरची. ती टोचेपर्यंत दिसत नाही.

सुईच्या पोकळीत रक्ताचा अंश राहू शकतो. त्यातून 'ब' व 'क' प्रकारची कावीळ आणि एच.आय.व्ही. यांचा संसर्ग होऊ शकतो. 'ब' काविळीचा विषाणू तर वाळलेल्या रक्तातही निदान सात दिवस टिकतो. टाकलेली सुई भंगारातून परतही येते. 2009 साली गुजरातेत मोडासा येथे 'ब' काविळीची साथ येऊन अनेक माणसे दगावली, तेव्हा वापरलेल्या सिरिंजा पुन्हा वापरल्या गेल्याचे उघडकीस आले होते.

मग करावे काय? उपाय बिनखर्ची आहे. फिनेल किंवा कपडे धुण्याच्या द्रवसाबणाची, फिरकीच्या झाकणाची जाड प्लास्टिकची रिकामी बाटली घ्या. काचेची बाटली, पाण्याची पातळ बाटली किंवा दुधाची पिशवी चालणार नाही. बाटलीवर ठळक अक्षरांत 'वापरलेल्या सुया – उघडू नये' असे लिहा व ती मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवा.

पेनाच्या सुईला दोन टोपणे असतात. आतले लहान टोपण पुन्हा लावू नका; ते लावतानाच बोटाला सुई लागते. बाहेरचे मोठे टोपण टेबलावर ठेवून त्यात सुई सरळ घाला, फिरवून काढा आणि लगेच बाटलीत टाका. सिरिंज असेल तर सुई न वाकवता, न मोडता ती सबंध टाका. साखर तपासताना बोटाला टोचण्याची लान्सेटही त्यातच टाका. बाटली पाऊण भरली की झाकण घट्ट लावून वरून चिकटपट्टी गुंडाळा. आपला डॉक्टर, जवळचे इस्पितळ किंवा नगरपालिकेचे आरोग्य खाते यांपैकी कोण ती स्वीकारते याची चौकशी करून तेथे द्या. तशी सोय नसेल, तर घंटागाडीवाल्याच्या हाती वेगळी द्या आणि आत काय आहे ते तोंडाने सांगा. सुया जाळू नका, पुरू नका, संडासात टाकू नका. ती बाटली भंगारवाल्याला तर मुळीच विकू नका.

चुकून कोणाला सुई टोचलीच, तर जखम दाबू नका, चोखू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. एच.आय.व्ही. टाळण्याचे औषध 72 तासांच्या आत सुरू व्हावे लागते, आणि जितके लवकर तितके बरे.

आता थोडे स्पष्ट बोलतो. काही घरांत सुया लपवल्या जातात, कारण शेजाऱ्यांना कळेल, मुलीचे लग्न अडेल अशी भीती असते. मग सुई जुन्या चिंधीत, कागदाच्या बोळ्यात दडवून बाहेर जाते. अशी दडवलेली सुईच सर्वांत घातक, कारण उचलणाऱ्याला तिचा पत्ताच नसतो. पालकहो, रोग हा गुन्हा नाही. ज्या मुलीला घरात सुई लपवावी लागते, ती शाळेतही इन्सुलिन लपवते, कधी चुकवते, आणि त्यात तिच्या जिवाला धोका असतो.

2016 सालच्या घनकचरा नियमांत वापरलेल्या सुयांची गणना घरगुती धोकादायक कचऱ्यात केलेली होती. नियम कागदावर राहू नये, म्हणून आपण वस्तीतर्फे नगरपालिकेला अर्ज देऊन सुया जमा करण्याचे एक ठिकाण मागू या. विद्यार्थी मित्रांनो, अर्ज लिहायला तुम्हांला शिकवलेले आहे. हा अर्ज तुम्हीच लिहा. सुयांना हात मात्र लावू नका. आजच घरी जाऊन बाटलीवर मोठ्या अक्षरांत नाव घालून द्या.

वाटेतला काटा बाजूला करावा, हे आपल्याला लहानपणापासून सांगितलेले आहे. निदान आपल्या घरातून काटा वाटेवर जाऊ नये, एवढीच माझी विनंती.