गाळावरचं औषध आणि गाळातले किडे

आज थेट समुद्राच्या तळाशी जायचंय, गाळात.

नॉर्वेच्या दक्षिणेला ग्रेनलांड फ्योर्ड आहेत. ग्रीनलंड नव्हे हं, इअरफोन नीट लावा! फ्योर्ड म्हणजे डोंगरांमधून आत घुसलेली समुद्राची अरुंद खाडी. तिथे १९५१ ते २००२ मॅग्नेशियमचा एक कारखाना चालला आणि त्यातून डायॉक्सिन नावाचं विष पाण्यात गेलं. कारखाना बंद झाला, पण डायॉक्सिन तिथेच राहिलं. ते गाळाला चिकटतं. गाळातून किड्यांत, किड्यांतून मासे-खेकड्यांत आणि मग ताटात.

‘गाळ उपसून टाका की!’ असं लगेच मनात येतं. पण उपसताना तो ढवळतो आणि विष पुन्हा पाण्यात मिसळतं. शिवाय उपसलेला गाळ ठेवायचा कुठे? जपानमध्ये मिनामाताच्या उपसागरात १९७७ ते १९९० या काळात पाऱ्याचा गाळ उपसून तिथल्याच एका भागात भरला. पारा अडला, पण ५८ हेक्टर समुद्राची जमीन झाली.

ग्रेनलांडमध्ये २००९ साली वेगळा प्रयोग झाला. गाळ तसाच ठेवायचा आणि त्यावर काही सेंटीमीटरचा पातळ थर पसरायचा. कुठे नुसती स्वच्छ माती, कुठे चुनखडीचा चुरा, तर कुठे मातीत ॲक्टिव्हेटेड कार्बनची पूड. हा कार्बन तुमच्या ओळखीचा आहे, घरच्या वॉटर प्युरिफायरमध्ये असतो तोच. विष धरून ठेवण्यात पटाईत! कार्बनचा थर होता तिथे गाळातून वर झिरपणारं डायॉक्सिन खूप कमी झालं, आणि नऊ वर्षांनीही तो काम करत होता. माती आणि चुनखडीचा जोर मात्र हळूहळू ओसरला.

इथपर्यंत ऐकून वाटतं, जिंकलो. पण संशोधकांनी गाळातले जीव मोजले. कार्बनच्या थराखाली किड्यांच्या, शिंपल्यांच्या जाती घटल्या, संख्या घटली, एकूण वजन घटलं. काही ठिकाणी तर ९० टक्क्यांपर्यंत. नुसत्या मातीने एवढं नुकसान केलं नाही. म्हणजे जीव फक्त थराखाली गाडले गेले म्हणून मेले, असं म्हणता येत नाही. कार्बन विषासोबत त्यांचं पोषणही ओढून घेत असावा, अशी एक शक्यता मांडली जाते.

मला यातली सगळ्यात विचित्र गोष्ट पुढे दिसते. हे किडे गाळ सतत खालीवर करतात. त्यामुळे गाळात ऑक्सिजन पोचतो. आणि वर पसरलेला कार्बन खालच्या विषारी गाळात मिसळायचा, तर ते कामही बिनपगारी हेच करतात! म्हणजे औषध ज्यांच्या हातून कालवून घ्यायचं, त्यांनाच ते बाधतं. तळाशी चरणाऱ्या माशांचं खाणंही हेच जीव.

‘मग काहीच करू नका’ असं मी म्हणणार नाही. डायॉक्सिन माणसाच्या शरीरात साठतं, ते अडवायलाच हवं. पण सगळा तळ एका दमात झाकण्यापेक्षा मी तुकड्या-तुकड्याने झाकीन, मधले पट्टे मोकळे ठेवीन, म्हणजे तिथले जीव शेजारी सरकू शकतील. जिथे विष कमी, तिथे नुसती मातीही चालेल, भले ती पुन्हा टाकावी लागो. आणि काम झाल्यावर फक्त विष नाही, किडेही मोजायचे, पाच-दहा वर्षं.

तुम्ही काय कराल? व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात भेटू.