अ‍ॅस्पिरिनची लहान गोळी केव्हां थांबवावी?

गर्भवती सुनेस वा कन्येस डॉक्टरांनीं अ‍ॅस्पिरिनची लहान गोळी लिहून दिली कीं घरांत दोन मतें उभीं राहतात. ‘गर्भारपणांत औषध कशाला?’ म्हणून ती मध्येंच बंद पाडणारीं वडीलधारीं माणसें असतात. आणि बंद करण्यास कोणीं सांगितलें नाहीं म्हणून ती घेत राहणाऱ्या स्त्रियाही असतात. दोन्ही ठिकाणीं निर्णय अंदाजानें होतो.

ही गोळी डोकेदुखीसाठीं नसते. विसाव्या आठवड्यानंतर कांहीं स्त्रियांचा रक्तदाब चढतो, लघवींतून प्रथिनें जाऊं लागतात किंवा यकृत व मूत्रपिंड यांवर ताण पडतो. या विकारास प्री-एक्लॅम्प्सिया म्हणतात. तो माता व बालक दोघांच्याही जिवावर बेतूं शकतो. त्याचें मूळ पुष्कळदां वारेच्या सदोष घडणींत असतें, आणि ती घडण गर्भारपणाच्या पूर्वार्धांत होते. अ‍ॅस्पिरिन रक्त गोठविणाऱ्या रक्तबिंबिकांची एकमेकींस चिकटण्याची प्रवृत्ति कमी करतें. म्हणूनच ज्यांना धोका अधिक, त्यांना ती गोळी बाराव्या आठवड्याच्या सुमारास, शक्यतों सोळाव्यापूर्वीं, सुरू करतात. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगांत अशा १,७७६ स्त्रिया होत्या. ३७ आठवड्यांपूर्वीं प्रसूति करावी लागेल असा विकार, नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत शेंकडा ४.३ जणींस, तर १५० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांत शेंकडा १.६ जणींस झाला.

मग थांबावयाचें केव्हां? उत्तर सर्वत्र एक नाहीं. वरील प्रयोगांत ३६ व्या आठवड्यास गोळी बंद केली होती. अमेरिकेंतील व ब्रिटनमधील मार्गदर्शक सूचना मात्र ती प्रसूतीपर्यंत चालू ठेवण्यास सांगतात. अ‍ॅस्पिरिनचा परिणाम झालेली रक्तबिंबिका आपल्या सात ते दहा दिवसांच्या आयुष्यांत पूर्ववत् होत नाहीं. म्हणून रक्तस्राव टाळूं पाहणारे प्रसूतीपूर्वीं थोडा अवकाश ठेवतात. उलटपक्षीं, एवढी अल्प मात्रा कण्यांत भूल देण्याच्या सहसा आड येत नाहीं. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या स्पेनमधील रुग्णालयांतील प्रयोगांत एक तिसराच मार्ग तपासला गेला: २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान वारेशीं संबंधित घटकांची रक्तचांचणी करून, धोका कमी दिसल्यास गोळी तेव्हांच थांबविली. थांबविणाऱ्यांत व चालू ठेवणाऱ्यांत मुदतपूर्व विकाराचें प्रमाण जवळजवळ सारखेंच राहिलें, आणि किरकोळ रक्तस्राव थांबविणाऱ्यांत कमी झाला. परंतु तो निर्णय चांचणीच्या आधारानें झाला होता, शेजारणीच्या सल्ल्यानें नव्हे.

यावरून गृहस्थाश्रमी कुटुंबांनीं एवढें ध्यानांत घ्यावें. गोळी सुरू होईल त्याच दिवशीं ती कोणत्या आठवड्यास थांबवावयाची हें डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्यावें. आधीं सुरू असलेली गोळी आपल्या मनानें सोडूं नये, आणि दुखण्यावरची मोठी मात्रा तिच्या जोडीस घेऊं नये. रक्त जाऊं लागल्यास, तीव्र डोकेदुखी, दृष्टीपुढें अंधारी, बरगड्यांखालीं कळ किंवा चेहऱ्यावर अकस्मात् सूज आल्यास नेमलेल्या तारखेची वाट न पाहतां त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. गोळी नियमित घेणाऱ्या स्त्रीलाही हा विकार होऊं शकतो. तेव्हां रक्तदाब मोजून घेण्याची भेट कधींही चुकवूं नये.