गोडेतेलाचा कस खळ्यातच ठरतो
(भोपाळ येथील मराठी भाषिकांपुढील भाषण)



मराठी घरात ‘गोडेतेल’ म्हटले की शेंगदाण्याचे तेल डोळ्यांपुढे येते. भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेतील. परंतु पिठल्याची फोडणी, भरल्या वांग्यांवरील तवंग आणि ठेच्यावर सोडलेली कच्च्या तेलाची धार यांमुळे तो आपल्या घरचाच झाला आहे. घाण्याच्या तेलास दाण्याचा सुवास असतो. ते फोडणीस व कच्चे खाण्यास उत्तम. रिफाइंड तेल अधिक आच सोसते, म्हणून ते तळणीस सोयीचे.

तथापि, तेलाचा खरा कस खळ्यातच ठरतो. ओलसर शेंगा पोत्यांत भरल्या की त्यांना बुरशी लागते आणि त्या बुरशीपासून अफ्लाटॉक्सिन हे विष निर्माण होते. इंग्लंडमध्ये १९६० साली अशी दूषित पेंड खाऊन एक लाखाहून अधिक टर्की पक्षी दगावले. त्यातूनच पुढे या विषाचा शोध लागला. ते यकृतास घातक असून कर्करोगास कारणीभूत ठरते. स्वयंपाकाच्या आचेने ते नाहीसे होत नाही.

चांगले दाणे खाण्यास ठेवावयाचे आणि काळवंडलेले घाण्याला द्यावयाचे, ही रीत म्हणूनच सोडली पाहिजे. विषाचा काही अंश घाण्याच्या तेलात उतरतो, बराचसा पेंडीत राहतो. ती पेंड गाय खाते आणि दुधावाटे तो अंश मुलांच्या पेल्यापर्यंत पोहोचतो.

उपाय आपल्याच हाती आहेत. शेंग हलविताच दाणा खुळखुळेपर्यंत, म्हणजे ओलावा आठ-नऊ टक्क्यांवर येईपर्यंत, शेंगा उन्हात वाळवाव्यात. फोडण्यापूर्वी त्यांवर पाणी शिंपडू नये. आपल्या भोपाळमध्ये १९७६ साली स्थापन झालेल्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने शेंगा फोडण्याचे हातयंत्र विकसित केले आहे. त्याचा लाभ घ्यावा. बुरसटलेले व सुरकुतलेले दाणे निवडून टाकावेत. ते जनावरांनाही घालू नयेत.

गृहिणींनी, तसेच शाळांतील मध्यान्ह भोजनाची व्यवस्था पाहणाऱ्या शिक्षकांनी, तळणीचे तेल पुनःपुन्हा तापवू नये. वारंवार तापलेल्या तेलात अपायकारक घटक साठतात. त्यांचे प्रमाण २५ टक्क्यांहून अधिक झाल्यास ते तेल वापरण्यास २०१८ पासून कायद्याने मनाई आहे. तेल काळसर, चिकट वा फेसाळ झाले की ते टाकून द्यावे.

शेतकऱ्याने वाळवणीत आणि गृहिणीने निवडणीत दक्षता बाळगली, तर गोडेतेल नावाप्रमाणेच गोड राहील.