न दुखणारी गांठ
(कोल्हार येथें ज्युबिलीनिमित्त झालेल्या सभेंतील भाषण)



महोत्सवाच्या मंगल दिवशीं रोगाचा विषय काढणें कित्येकांस अप्रासंगिक वाटेल. परंतु घराचा आधार असलेली माउली केवळ गैरसमजापायीं अकालीं जाऊं नये, म्हणून स्तनाच्या कर्करोगाविषयीं आम्ही आज चार शब्द स्पष्ट बोलणार आहोंत. लोणीचें प्रवरा ग्रामीण रुग्णालय आपणां कोल्हारकरांस जवळच आहे. तरीहि पुष्कळ भगिनी रोग बळावल्यावरच दवाखान्याची पायरी चढतात. त्यांची वाट अडविणाऱ्या समजुतींचा येथें विचार करूं.

पहिली समजूत अशी कीं, जें दुखत नाहीं तें साधें. शेतांत राबणारी बाई दुखणें असह्य झाल्यावांचून काम सोडीत नाहीं. आणि हा रोग तर आरंभीं बहुधा दुखतच नाहीं. स्तनांत किंवा काखेंत टणक गांठ, कातडीस पडलेली खळी, आंत ओढलेलें बोंड अथवा त्यांतून येणारें रक्त, यांपैकीं कांहींहि आढळल्यास दुखण्याची वाट पाहूं नये. बहुतेक गांठी साध्याच निघतात. पण तसा निर्वाळा डॉक्टरांनीं द्यावयाचा, शेजारणीनें नव्हे. 'आमच्या घराण्यांत हा रोग नाहीं' या भरंवशावरहि राहूं नये. ज्यांस हा रोग होतो, त्यांतील बहुसंख्य स्त्रियांच्या घराण्यांत तो पूर्वीं नसतोच.

दुसरी समजूत: 'कर्करोग म्हणजे मरण, मग कळून काय उपयोग?' मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयानें १९९८ सालीं ३५ ते ६४ वर्षांच्या सुमारें दीड लाख स्त्रियांचा अभ्यास आरंभिला. त्यांपैकीं सुमारें निम्म्या स्त्रियांस दर दोन वर्षांनीं, असे चार वेळां, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनीं केवळ हातांनीं तपासण्याची योजना होती. २०२१ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासणीच्या गटांत रोग अगोदरच्या अवस्थेंत सांपडला, आणि पन्नाशी गांठलेल्या स्त्रियांत या रोगाचे मृत्यु जवळजवळ ३० टक्क्यांनीं घटले. पन्नाशीच्या आंत तसा फरक दिसला नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. तथापि गांठ जाणवल्यास कोणत्याहि वयांत विलंब करूं नये.

तिसरी अडचण लाजेची. सिसिली बेटावरील रक्तसाक्षी संत आगाथा हिचे स्तन छळ करणाऱ्यांनीं छाटले, अशी परंपरा आहे. म्हणून स्तनरोगानें पीडित स्त्रिया शतकानुशतकें तिचा धांवा करितात. तिचा सण ५ फेब्रुवारीस येतो. ज्या व्याधीचें नांव वेदीपुढें घेतां येतें, तें नवऱ्यापाशीं वा सुनेपाशीं घेण्यांत लाज कसली? सरकारच्या २०१६ सालच्या योजनेंत ३० वर्षांवरील स्त्रियांची दर ५ वर्षांनीं तपासणी करण्याची तरतूद आहे. गांवच्या आशाताईस अथवा उपकेंद्रांतील परिचारिकेस विचारावें.

कित्येक जण हा रोग पापाची शिक्षा मानितात. जन्मांधाविषयीं शिष्यांनीं तसाच प्रश्न केला असतां प्रभूनें ती समजूत नाकारली, हें आपण जाणतांच. हरेगांवच्या मतमाउलीस नवस अवश्य बोलावा. पण लोणीची वाट चुकवूं नये.

शेवटीं पुरुषमंडळींस एक विनंती. घरांतील स्त्रीनें गांठीचा शब्द काढल्यास 'सुगी झाल्यावर पाहूं' असें म्हणूं नका. दुसऱ्याच दिवशीं तिच्यासोबत दवाखान्यांत जा. प्रभु आपल्या सर्व माउलींस दीर्घायुष्य देवो, हीच आमची प्रार्थना.