वाचनालयात चित्रपटाचं कपाट हवं



पत्रिकेत आजचा विषय 'मराठी चित्रपटाची वाटचाल' असा छापला आहे. ती वाटचाल आपल्यापैकी बहुतेकांना पाठ आहे. फाळके, बाबूराव पेंटर, प्रभात, दादा कोंडके हा क्रम मी पुन्हा लावत बसत नाही. त्या वाटचालीतलं आज हाती काय उरलं आहे आणि ते कुणाच्या हाती आहे, याबद्दल मला बोलायचं आहे. आपल्या माळ्यांवर, टीव्हीखालच्या खणांत जुन्या चित्रपटांच्या ज्या व्हीसीडी-डीव्हीडी पडून आहेत, त्या सार्वजनिक वाचनालयांनी पुस्तकांसारख्या जमवाव्यात, दाखलनोंद वहीत चढवाव्यात आणि सभासदांना घरी द्याव्यात, असं माझं मत आहे. (हशा) आपण हसलात ते मी समजू शकतो, पण तासाभरात मला हे मत तुमच्या गळी उतरवायचं आहे.

चित्रपटगृहं जोरात होती तोवर जुना चित्रपट टिकवण्याची सोय त्या धंद्यातच होती. मॅटिनीला जुने चित्रपट पुन्हा लागत, जत्रेच्या तंबूत ते वर्षानुवर्षं फिरत, आणि पुन्हा लावला की चार पैसे मिळतात म्हणून वितरक प्रिंट सांभाळून ठेवी. पुढे एकपडदा चित्रपटगृहं एकेक करून मिटली. पुण्याचं आर्यन १९८३ मध्ये गेलं, दादरचं चित्रा २०१९ मध्ये. दरम्यान पडद्यावर डिजिटल प्रक्षेपण आलं आणि रिळांना गिऱ्हाईकच उरलं नाही. 'पिंजरा' २०१६ मध्ये नव्या रूपात पुन्हा प्रदर्शित झाला, याचा दाखला लगेच दिला जातो. आनंदच आहे. पण ते भाग्य नामवंत चित्रपटांचं. ज्या शेकडो साध्या, मध्यम, कधी चाललेल्या आणि कधी पडलेल्या चित्रपटांतून एखाद्या काळाची बोली, कपडे, रस्ते, घरं दिसतात, त्यांच्यावर एवढा खर्च कोण करणार?

इथे थोडं थांबून एक हकीकत सांगतो. 'आलम आरा', भारताचा पहिला बोलपट, १४ मार्च १९३१ रोजी गिरगावात मॅजेस्टिकला लागला. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये सुरू झालं आणि पी. के. नायर यांनी आयुष्य वेचून ते उभं केलं. नायर 'आलम आरा'च्या शोधात थेट त्याचे दिग्दर्शक आर्देशीर इराणी यांच्यापर्यंत पोचले होते. काही रिळं कुठेतरी असतील, असं इराणींनी सांगितलं. नंतर त्यांच्या मुलाकडून नायरांना कळलं, की त्या रिळांतली चांदी काढून ती केव्हाच निकालात काढली होती. कृष्णधवल फिल्मच्या लेपात चांदी असते आणि ती विकली जाई. नायरांनी ही गोष्ट पुढे अनेकदा सांगितली. यात मला कुणालाही दोषी धरायचं नाही. त्या घरात त्या दिवशी त्या रिळांना मोल होतं ते चांदीचंच. चित्रपटाची प्रत नष्ट होते ती बहुधा अशीच, ज्याच्याकडे आहे त्याला ती निरुपयोगी वाटते त्या काळात. व्हीसीडी आज नेमकी त्याच अवस्थेत आहे. आणि जे संग्रहालयात पोचलं ते कायमचं सुरक्षित झालं, असंही नाही. जानेवारी २००३ मध्ये प्रभात फिल्म कंपनीच्या जुन्या आवारातल्या, संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली, त्यात प्रभातची मूळ रिळंसुद्धा गेली. संग्रहालयाचं ऋण मोठं आहे, पण एकाच ठिकाणी सगळं ठेवून निश्चिंत होता येत नाही.

आता आक्षेप. व्हीसीडीचं चित्र वाईट असतं, हे खरं. ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांत छायाचित्रकाराची करामत काय दिसणार? बऱ्याचदा गाणीही कापलेली असतात. पण काय कापलं हे कळायलाही प्रतच हाताशी लागते. चित्रपटाच्या आरंभी जे सेन्सॉरचं प्रमाणपत्र दिसतं, त्यावर लांबी बहुधा मीटरमध्ये लिहिलेली असते. पस्तीस मिलिमीटरची फिल्म मिनिटाला सुमारे २७.४ मीटर धावते, म्हणजे ४,००० मीटरचा चित्रपट १४६ मिनिटांचा. पाल या व्हिडिओ-पद्धतीच्या डिस्कवर तो सेकंदाला २४ ऐवजी २५ चौकटींनी धावतो आणि १४० मिनिटांत संपतो. ही सहा मिनिटं कापलेली नसतात, त्यापुढची तूट मात्र कात्रीची. दोन कंपन्यांच्या डिस्क शेजारी ठेवल्या तर कोणतं गाणं कुठे गळलं हे शाळकरी मूलही सांगेल. दुसरा आक्षेप, हे सगळं मोबाइलवर मिळतं. मिळतं, पण करार संपला की ते निघतं, कधी रुंद पडद्यासाठी चित्राची वरखाली छाटणी होते, आणि पूर्वी काय होतं हे पडताळायला तिथे काही मागे राहत नाही. डिस्कही अमर नाही, तिचा ॲल्युमिनियमचा थर खराब होतो. म्हणून तर घाई आहे. मोजर बेअरने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकून घराघरांत चित्रपट पोचवले. ती कंपनी २०१८ मध्ये अवसायनात गेली. त्या डिस्क आता नव्याने निघणार नाहीत.

कायद्याची भीती घालणाऱ्यांना उत्तर देतो. पुस्तकाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयाला देण्याची सक्ती १९५४ पासून आहे. चित्रपट संग्रहालयाला प्रत देण्याची तशी सर्वसाधारण सक्ती नाही, म्हणूनच ही जबाबदारी आपल्यावर येते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर स्वामित्वहक्क कायद्यात 'व्यापारी भाड्या'ची व्याख्या आली, आणि नफा न कमावणाऱ्या ग्रंथालयाने रीतसर घेतलेली चित्रपटाची प्रत वाचकाला देणं त्या व्याख्येतून स्पष्टपणे वगळलं आहे. तेव्हा अस्सल डिस्क घरी द्यायला आडकाठी नाही. जतनासाठी संगणकावर उतरवण्याची जी सवलत आहे, ती ग्रंथालयाकडे बिगर-डिजिटल प्रत असेल तरच. म्हणजे व्हिडिओ कॅसेटला ती लागू पडते, डिस्कला नाही. ही विसंगती दूर करा, अशी मागणी ग्रंथालय संघांनी करायला हवी. चित्रपटाचा स्वतःचा हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षांनी संपतो, त्यामुळे साठ वर्षांहून जुन्या चित्रपटांबाबत ही अडचण पुष्कळ कमी होते. गीतांचे आणि मूळ कथेचे हक्क वेगळे, त्यावर सविस्तर बोलायचं होतं.

पण वेळ संपल्याची कार्यवाहांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा ते राहू द्या.  दाखलनोंद वहीत काय लिहावं तेवढं सांगतो: चित्रपटाचं नाव, प्रदर्शनाचं वर्ष, डिस्कची कंपनी, डिस्क किती, प्रत्यक्ष कालावधी आणि प्रमाणपत्रावरची लांबी. नकली प्रती घेऊ नका. वेष्टन टाकू नका, श्रेयनामावली कधीकधी तेवढीच उरते. या वाचनालयाच्या पदाधिकाऱ्यांना माझी विनंती आहे, की आजपासूनच अशी एक वही सुरू करा. इथल्या सभासदांनी पुढच्या रविवारी माळे उपसावेत. (टाळ्या)