पाहणारा आणि करणारा



आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा माझ्या एका स्नेह्यांनी मला वाटेत गाठून विचारले, ‘समोरची खुर्ची आपल्याला खरोखर दिसते की नाही, यावर तासभर बोलण्यासारखे आहे काय? ज्याला शंका असेल त्याने तिच्यावर बसून पाहावे!’ हे गृहस्थ वकील आहेत. मी त्यांना म्हटले, ‘वकीलसाहेब, तुमचा सारा धंदा याच शंकेवर चालतो. साक्षीदाराने खरोखर काय पाहिले, हा तुमचा पहिला प्रश्न. आणि आरोपीने केले ते स्वतःच्या इच्छेने केले काय, हा दुसरा. मी आज हेच दोन प्रश्न घेऊन उभा राहणार आहे.’

हे उत्तर केवळ थट्टेचे नव्हते. आपल्या देशात १८७२ साली पुराव्याचा कायदा झाला. त्यात असा दंडक आहे की, तोंडी पुरावा प्रत्यक्ष असला पाहिजे. पाहिलेल्या गोष्टीची साक्ष ज्याने ती पाहिली त्यानेच दिली पाहिजे. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, पण हा दंडक तसाच राहिला. शिक्षेच्या कायद्याचेही तसेच. वेडाच्या भरात, आपण काय करतो आहोत हे न कळता एखाद्याने कृत्य केले तर तो गुन्हा ठरत नाही. म्हणजे माणसाला वस्तू प्रत्यक्ष दिसते आणि माणूस आपल्या कृत्यांचा कर्ता असतो, या दोन गृहीतांवर न्यायमंदिर उभे आहे. ही गृहीते खोटी ठरली तर तत्त्वज्ञांचे फारसे बिघडणार नाही. पण तुरुंगात कोणाला पाठवावे हे आपल्याला सांगता येणार नाही.

आता पहिल्या गृहीताला धक्का देणारी एक हकीकत सांगतो. १९८४ साली अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात बर्लिंग्टन या गावी एका विद्यार्थिनीवर तिच्या घरात शिरून अत्याचार झाला. ती मोठ्या धैर्याची मुलगी होती. आपण वाचलो तर या माणसाला ओळखायचेच, असा निश्चय करून तिने त्याचा चेहरा निरखून पाहिला. पुढे पोलिसांनी दाखविलेल्या छायाचित्रांतून आणि नंतर रांगेत उभ्या केलेल्या माणसांतून तिने रोनाल्ड कॉटन नावाच्या तरुणाकडे बोट दाखविले. त्याला जन्मठेप झाली. १९८७ साली खटला पुन्हा चालला तेव्हा ज्याच्यावर संशय होता असा दुसरा माणूस न्यायालयात तिच्यासमोर आणला गेला. तिने त्याला ओळखले नाही. अखेर १९९५ मध्ये डीएनए तपासणी झाली आणि सिद्ध झाले की, गुन्हेगार तो दुसराच माणूस होता. कॉटन दहा वर्षांहून अधिक काळ विनाकारण तुरुंगात होता.

ती मुलगी खोटे बोलली नव्हती. मग तिने पाहिले ते काय?

येथे तत्त्वज्ञ पुढे होतो आणि म्हणतो, ‘मी सांगत होतोच! माणसाला वस्तू कधी दिसतच नाही. प्रकाश डोळ्यात शिरतो, आतल्या पडद्यावर उलटी प्रतिमा पडते, मज्जातंतूंतून संदेश जातो, मेंदूत काही घडते. आपल्याला दिसते ते या प्रवासाच्या शेवटी तयार झालेले एक चित्र. वस्तू पलीकडेच राहते.’ सतराव्या शतकाच्या अखेरीस जॉन लॉकने ज्ञानाची मांडणी काहीशी अशीच केली. मनाला साक्षात् भेटतात त्या कल्पना. त्यांवरून बाहेरच्या वस्तूंची ओळख पटवायची. पण ही वाट निसरडी आहे. १७१० साली बर्कलेने विचारले, चित्रच तेवढे दिसत असेल तर ते बाहेरच्या वस्तूशी जुळते हे तुम्ही कशाशी ताडून पाहिले? मग ती वस्तू हवीच कशाला? आपल्याकडे हीच घसरण त्याच्या कितीतरी शतके आधी झाली होती. सौत्रांतिक बौद्ध म्हणाले, ज्ञानात उमटलेल्या आकारावरून बाह्य वस्तूचे अनुमान होते. विज्ञानवादी त्याही पुढे गेले आणि म्हणाले, बाह्य वस्तूच नाही, विज्ञान तेवढे आहे.

या घसरणीला आडवा पाय देणारे लोकही दोन्हीकडे झाले. आपल्याकडे नैयायिक. इंद्रिय आणि वस्तू यांचा संबंध आला की त्यातून उपजते ते प्रत्यक्ष, आणि ते त्या वस्तूचेच ज्ञान, त्यांच्यामध्ये कोणतेही चित्र नाही, असे त्यांचे मत. युरोपात स्कॉटलंडचा थॉमस रीड. त्याच्या काळी डेव्हिड ह्यूमने असा युक्तिवाद केला होता की, टेबलापासून दूर जावे तसे ते लहान दिसते. खरे टेबल तर लहान होत नाही. म्हणून आपल्याला दिसते ते टेबल नव्हे, त्याची मनातली प्रतिमा. यावर रीडचे उत्तर मोठे मार्मिक आहे. तो म्हणतो, खरे टेबल दुरून पाहिले तर ते कसे दिसायला हवे, हे भूमितीला विचारा. भूमिती सांगते, लहान. मग ते लहान दिसले, यावरून आपण खऱ्या टेबलाला पाहतो हेच सिद्ध होते! दुरूनही ते तेवढेच दिसले असते तर मात्र संशय घ्यायला जागा होती.

या उत्तरातील मर्म नीट ध्यानात घ्या. मध्ये साधन आले म्हणून वस्तू हरवत नाही. पोस्टमनच्या हातून पत्र आले म्हणून ते पोस्टमनचे पत्र होत नाही. सूर्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे आठ मिनिटे लागतात. तरी सकाळी अर्घ्य देणारा मनुष्य सूर्यालाच अर्घ्य देतो, डोळ्यातल्या ठिपक्याला नव्हे. डोळा, मज्जातंतू आणि मेंदू हे पाहण्याच्या आड आलेले पडदे नाहीत. ती पाहण्याची साधने आहेत. साधनांवाचून पाहणे म्हणजे अधिक चांगले पाहणे नव्हे. ते पाहणेच नव्हे.

मग त्या मुलीची चूक कोठे झाली? नैयायिकांनी भ्रमाची जी उपपत्ती दिली तिला अन्यथाख्याती म्हणतात. दोरीवर साप दिसतो तेव्हा दोरीही खरी असते आणि सापही कोठेतरी पूर्वी पाहिलेला, खरा असतो. चूक एवढीच की, तेथला साप येथे मानला जातो. बर्लिंग्टनला नेमके हेच झाले. छायाचित्रांत आणि रांगेत, दोन्ही ठिकाणी होता असा एकटा कॉटन होता. रांगेत तो ओळखीचा वाटला, पण ती ओळख छायाचित्रातली होती. छायाचित्रात पाहिलेला चेहरा त्या रात्रीच्या आठवणीवर जाऊन बसला आणि मूळचा चेहरा पुसला गेला. तिला वस्तू दिसली नाही असे नव्हे. एका जागी पाहिलेले दुसऱ्या जागी लागू झाले. ही चूक उघडकीस कशाने आली? दुसऱ्या एका निरीक्षणाने, तपासणीने. पाहणे हे पाहण्यानेच सुधारते. आपण सर्वस्वी चित्रांच्या कोठडीत कोंडलेले असतो तर आपली चूक झाली हे कळण्याचा मार्गच उरला नसता.

आता दुसऱ्या गृहीताकडे वळू. येथेही तत्त्वज्ञ, आणि आता शास्त्रज्ञही, पुढे होऊन म्हणतो, ‘तुम्ही करता असे तुम्हांला वाटते, करतो तो मेंदू.’ १९८३ साली बेंजामिन लिबेट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांना सांगितले होते की, मनाला येईल तेव्हा मनगट हलवा. आणि इच्छा झाली त्या क्षणी समोरच्या तबकडीवरचा फिरता ठिपका कोठे होता ते सांगा. असे आढळले की, हालचालीपूर्वी सुमारे अर्धा सेकंद मेंदूत विद्युत्-हालचाल सुरू होते. इच्छेची जाणीव मात्र हालचालीपूर्वी सुमारे एकपंचमांश सेकंद होते. म्हणजे मेंदूची तयारी आधी आणि इच्छा मागून! झाले, इच्छास्वातंत्र्य संपले, असा गाजावाजा झाला.

हा निष्कर्ष शास्त्रातही निर्विवाद राहिला नाही. खुद्द लिबेटचे म्हणणे होते की, जाणीव झाल्यावरही हात आवरण्याची सवड माणसाला असते. पुढे २०१२ साली शुर्गर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, ती आधीची हालचाल म्हणजे घेतलेला निर्णय असेलच असे नाही. मेंदूत सतत होणारे चढउतार एखाद्या वेळी उंबरठा ओलांडतात, आणि हालचालीपासून मागे मोजत गेले की त्यांचीच पद्धतशीर चढण दिसू लागते. शिवाय मनगट आता हलवावे की क्षणभराने, याला काही कारणच नसते. मुलीला पुढे शिकवावे की नाही, साक्ष खरी द्यावी की खोटी, हे निर्णय असे घेतले जात नाहीत. त्यांत आठवडेच्या आठवडे जातात, झोप उडते.

पण समजा, प्रत्येक निर्णयाआधी मेंदूत तयारी होते असे उद्या सिद्ध झाले. तरी काय बिघडले? मी म्हणतो, येथेही आपण तीच मघाची चूक करीत आहो. डोळा मध्ये आला म्हणून वस्तू हरवली असे म्हणणारा आणि मेंदू मध्ये आला म्हणून कर्ता हरवला असे म्हणणारा, हे दोघे सख्खे भाऊ आहेत. ज्याला कसलेच कारण नाही, माझ्या स्वभावाशी, शिक्षणाशी, विचाराशी ज्याचा संबंध नाही, असा निर्णय आकाशातून पडला तर त्याला मी माझा कसा म्हणू? थॉमस रीडने माणसाच्या कर्तृत्वाचीही बाजू घेतली. पण कर्ता हा कारणांच्या साखळीबाहेर असतो असे त्याने मानले. पाहण्याच्या बाबतीत मी त्याच्या बाजूचा आहे. येथे मात्र मी त्याच्यापासून वेगळा होतो. स्वातंत्र्य म्हणजे कारणांचा अभाव नव्हे. कारणे समजली, पटली किंवा पटली नाहीत, आणि त्याप्रमाणे वागणे बदलता आले, की मनुष्य तेवढ्यापुरता स्वतंत्र.

आपल्या परंपरेला हा विचार परका नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, नाना प्रकारच्या चेष्टा आणि दैव. कर्ता पाचांतला एक आहे. सर्व काही मीच करतो असे म्हणणारा चुकतो हे तेथे स्पष्टच सांगितले आहे. पण कर्त्याचे नाव यादीतून काढलेले नाही. लोकमान्यांनी गीतारहस्य लिहिले ते १९१०-११ च्या हिवाळ्यात, मंडालेच्या तुरुंगात. आणि त्यात ‘कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य’ या विषयाला एक अख्खे प्रकरण दिले. ज्याच्या खोलीला बाहेरून कुलूप होते तो आत्मस्वातंत्र्यावर लिहीत होता. कारणांच्या वेढ्यात राहूनही कर्तृत्व राहते, याला यापरते उदाहरण कशाला हवे?

तर मग स्वातंत्र्य हे सर्वांना सारखे मिळालेले दान नव्हे. नजर जशी कमीजास्त असते, तसेच हेही कमीजास्त असते. वेड्याला ते नसते, लहान मुलाला थोडे असते, व्यसनी माणसाचे झिजलेले असते. म्हणूनच शिक्षा देणाऱ्याने किती दोष कोणाचा, याचा तोल पाहायचा असतो. आणि म्हणूनच ते वाढविताही येते. क्षणभर थांबणे, दुसऱ्याचे ऐकून घेणे, रात्रभर विचार करून मग उत्तर देणे, हे सारे त्याचे व्यायाम आहेत.

शेवटी एक सांगून मी आपली रजा घेतो. व्यवहारात आपण या दोन तत्त्वांचा उपयोग नेमका उलटा करतो. शेजाऱ्याबद्दल बोलताना आपण छातीठोक सांगतो, ‘मी या डोळ्यांनी पाहिले!’ आणि स्वतःवर आले की म्हणतो, ‘काय करणार, स्वभावच तसा; माझ्या हातात नव्हते.’ दुसऱ्याच्या दोषाला आपण साक्षीदार होतो आणि स्वतःच्या दोषाला वकील. हे उलटे करून पाहावे. वस्तू खरीच दिसते. पण आपण पुरती पाहिली काय, की दुसरीकडचा साप या दोरीवर ठेवला, हे दुसऱ्यावर आरोप करण्यापूर्वी एकदा तपासावे. आणि स्वतःच्या कृत्याविषयी, कारणे कितीही असोत, पाचांतला एक मी होतो, एवढे म्हणण्याचे धैर्य ठेवावे. ज्या गावात असे साक्षीदार आणि असे कर्ते पुष्कळ असतील त्या गावात माझ्या वकील मित्रांना काम जरा कमी मिळेल. पण त्याबद्दल ते मला क्षमा करतील, अशी आशा आहे.