हिवताप आणि बालकांची वाढ



हिवतापाचा विचार सहसा रुग्णसंख्या व मृत्युसंख्या या दोन आकड्यांत केला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार भारतातील रुग्णसंख्या २०१७ मधील सुमारे ६४ लाखांवरून २०२३ मध्ये सुमारे २० लाखांवर आली. ही घट मोलाची आहे. तथापि, ताप उतरल्यानंतर बालकाच्या शरीरात जी हानी उरते, तिची नोंद या आकड्यांत होत नाही.

ही हानी जन्मापूर्वीच सुरू होऊ शकते. प्लाझमोडियम फाल्सिपेरमने बाधित रक्तपेशी गरोदर मातेच्या वारेत साचतात. गर्भाचे पोषण घटते व बालक कमी वजनाचे जन्मण्याचा धोका वाढतो. पुढे बालकालाच संसर्ग झाल्यास परजीवी तांबड्या पेशी फोडतो आणि अस्थिमज्जेत नव्या पेशी तयार होण्याचे काम मंदावते. दाहामुळे हेप्सिडिन हे संप्रेरक वाढून आतड्यातून लोह शोषले जाण्यास अडथळा येतो. त्यातच भूक मंदावते. प्लाझमोडियम व्हायव्हॅक्स तर यकृतात सुप्त राहून पुन्हा उलटतो. दोन आजारांमधील अवधी अपुरा पडला, की घटलेले वजन भरून निघत नाही.

अर्थात, खुंटलेल्या वाढीचे हिवताप हे एकमेव कारण नव्हे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) नुसार पाच वर्षांखालील ३५.५ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने कमी होती, तर ६ ते ५९ महिने वयोगटातील ६७.१ टक्के बालकांना रक्तक्षय होता. यामागे अपुरा आहार, अतिसार अशी अनेक कारणे आहेत. परंतु जंगलव्याप्त आदिवासी भागांत ही कारणे आणि हिवताप एकाच घरात एकत्र येतात.

धोरणाचा खरा प्रश्न येथे उभा राहतो. बालकाचे वजन अंगणवाडीत नोंदले जाते, तापाची रक्ततपासणी आरोग्य विभागाकडे असते. वारंवार संसर्ग होणाऱ्या भागांत ताप नसतानाही रक्तात परजीवी आढळतात. दोन्ही नोंदी जोडल्या नाहीत, तर वजन न वाढणाऱ्या बालकाचे रक्त तपासायचे राहून जाते.

केवळ लोह देऊनही भागत नाही. टांझानियातील पेंबा बेटावरील २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, लोह व फॉलिक आम्ल दिलेल्या लहान बालकांत गंभीर आजार व मृत्यूचे प्रमाण वाढलेले आढळले. म्हणूनच हिवतापग्रस्त भागांत लोहाच्या जोडीने हिवतापाचा प्रतिबंध, निदान व उपचार यांची व्यवस्था असावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.

ओडिशाने २०१७ मध्ये सुरू केलेला ‘दमन’ कार्यक्रम या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. दुर्गम वस्त्यांत शिबिरे भरवून, ताप असो वा नसो, सर्वांचे रक्त तपासण्यात आले, बाधितांवर उपचार झाले आणि सोबत बालकांचे पोषणही तपासले गेले. मच्छरदाण्यांचे व्यापक वाटपही झाले. राज्यातील नोंदित रुग्णसंख्या २०१७ मधील सुमारे ३.५ लाखांवरून २०१९ मध्ये ४० हजारांच्या आसपास आली.

२०३० पर्यंत हिवताप निर्मूलनाचे राष्ट्रीय उद्दिष्ट आहे. मात्र बालकाच्या वाढीत पहिले १,००० दिवस निर्णायक असतात. त्या काळात खुंटलेली वाढ पुढे पूर्णपणे भरून येणे कठीण असते. म्हणून या कार्यक्रमाचे यश रुग्णसंख्येबरोबरच अंगणवाडीतील वजनाच्या आलेखावरही मोजले गेले पाहिजे.